बाबांचा बिनशिवणीचा बूट

माझे बाबा बसचे ड्रायव्हर होते. तळेगावच्या डेपोतून सकाळी गाडी काढायची. आर्वी, वर्धा, कधी अमरावती, कधी नागपूर, आणि संध्याकाळी पुन्हा तळेगाव. नोकरी संपली तेव्हा आईला घेऊन आता आपणही प्रवासी म्हणून फिरू असं त्यांच्या मनात होतं. एक-दोनदा दोघं फिरलेही. मग आई गेली आणि बाबा तळेगावच्या घरात एकटे राहू लागले. मी नवऱ्यासोबत वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत राहते. इकडे राहायला या म्हटलं की ते म्हणायचे, येतो ना, संत्र्याचा बहर होऊ दे. आमची संत्र्याची बाग नव्हती. शेजाऱ्याच्या बागेवर लक्ष ठेवायला ते हौसेनं जायचे, तेवढंच.

शेवटी ते आले ते पाय मुरगळला म्हणून. तेही मला त्यांनी सांगितलं नाही. फोन कंडक्टरकाकांचा आला. बाबांच्या गाडीवर अनेक वर्षं हेच कंडक्टर होते आणि निवृत्तीनंतर दोघं रोज सकाळी बसस्टँडपर्यंत फिरायला जात. काका म्हणाले, "पोरी, तुह्या बाबाचा पाय सुजला. तो सांगणार नाई म्हणून मी सांगून राह्यलो." बाजारात नाली ओलांडताना डावा पाय आतल्या बाजूला लवंडला होता. आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं, असंही काकांनी सांगून टाकलं.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना घेऊन आले. सेवाग्रामच्या दवाखान्यात पायाचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन हलवून दाखवला. उजव्यापेक्षा डावा किती तरी जास्त आत वळत होता. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे दोर सैल झालेत, ते म्हणाले, या वयात ऑपरेशन करण्यात अर्थ नाही, व्यायाम करा आणि चालताना घोट्याला आधार ठेवा. मग फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम शिकवले आणि घोट्याचा पट्टा कसा बांधायचा ते दाखवलं.

पट्टा बाबांनी चार-पाच दिवस बांधला. नंतर तो मला टीव्हीच्या मागे सापडला. मी विचारलं तर म्हणाले, तिथं कसा गेला कोणास ठाऊक. पट्ट्याच्या कडेची जाड शिवण बरोबर घोट्याच्या हाडावर येत होती. तो घालून चप्पल घालता येत नव्हती आणि बाबांना चपलेशिवाय दुसरं काही चालत नव्हतं. ड्यूटीवर असताना काळे बूट घालावे लागायचे, तेही ते फक्त केबिनमध्ये घालत. गाडी स्टँडला लागली की बूट सीटखाली आणि पायात चप्पल. त्या बुटांची शिवण पायाच्या करंगळीला लागायची. तिथं अजून एक टणक भोवरी आहे.

आता माझं काम सांगायला हवं. मी बुटाचं अप्पर डिझाइन करते. अप्पर म्हणजे तळ सोडून बुटाचा वरचा सगळा भाग. पूर्वी चामड्याचे, रेग्झिनचे तुकडे कापून तो शिवत. आता पळायच्या बुटांचं अप्पर स्वेटरसारखं मशीनवर विणतात. कुठला फासा कुठे सैल, कुठे घट्ट, कुठे हवा जायला जाळी, कुठे ताणाचा म्हणजे रबरासारखा लांबणारा धागा, हे मी घरी कॉम्प्युटरवर आखते आणि दक्षिणेतल्या आमच्या फॅक्टरीत त्याप्रमाणे मशीन चालतं. लग्नाआधी मी तिथंच राहायची. आता वर्षातून दोन-तीनदा जाते. बाबा तळेगावात सगळ्यांना सांगायचे, "माही पोरगी बुटाचे स्वेटर विणते." मी कितीदा तरी समजावलं, पण तेच वाक्य त्यांना आवडलं होतं आणि खरं तर ते फारसं चुकीचंही नव्हतं.

टीव्हीमागून काढलेला पट्टा हातात घेऊन मी बसले होते, तेव्हाच मनात आलं की बाबांसाठी एक बूट विणावा. बूट आणि पट्टा वेगळे नकोतच. घोट्याच्या वरपर्यंत येणारं, मोज्यासारखं एकसंध अप्पर. कुठेही शिवण नाही, ना करंगळीजवळ, ना टाचेमागे, ना घोट्यावर. आमच्या कंपनीत अप्पर बहुतेक सपाट विणून टाचेमागे जोडतात. पण मशीनला दोन बाजूंना सुया असतात, त्यामुळे मोज्यासारखी नळीही विणता येते. वेळ जास्त लागतो म्हणून कोणी करत नाही, एवढंच. मी आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, सॅम्पलचं मशीन रिकामं असेल तेव्हा करून बघ.

माप घ्यायला मी बाबांना खुर्चीवर बसवलं आणि खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला. त्यांनी तो लगेच मागे ओढला. "अवं, हे काय करून राह्यली?" म्हणाले. मी सांगितलं की मापाशिवाय बूट होत नाही. मग ते खिडकीबाहेर बघत बसले, जणू पाय दुसऱ्या कोणाचा आहे. मी टेपने चवडा मोजला, पायाचा उंचवटा मोजला, घोट्याभोवती आडवं-तिरकं माप घेतलं. कामावर मी कायम प्लास्टिकच्या साच्यावर काम केलेलं. तो साचा तरण्या, निरोगी पायाचा असतो. त्याची बोटं एका ओळीत असतात, घोटा नीटस असतो. बाबांचा अंगठा आत वळलेला होता, करंगळी शेजारच्या बोटाखाली सरकलेली, चवडा पसरट. क्लच दाबून दाबून डाव्या पायाची टाच उजवीपेक्षा कडक झाली होती. संध्याकाळी पुन्हा मोजला तर सगळी मापं वाढलेली. सूज सकाळी उतरायची आणि दिवसभरात चढायची. हा पाय मी लहानपणापासून बघत होते. दारात चपला काढताना, ओसरीवर झोपलेले असताना. तरी तो असा आहे हे मला माहीत नव्हतं.

पहिल्या बुटात मी घोट्याभोवती वितळणाऱ्या धाग्याची उंच पट्टी घेतली. हा धागा विणताना इतर धाग्यांसारखाच मऊ असतो, पण वाफ दिली की वितळून आजूबाजूच्या धाग्यांना धरतो आणि ती जागा कडक होते. मला वाटलं, घोट्याला भिंत घातली की पाय लवंडणार नाही. फॅक्टरीत मशीनवर बसणारा माझा सहकारी तामिळ आहे. आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत बोलतो. त्यानं जोडी विणली, साधा सपाट तळ लावला आणि कुरियरनं पाठवली.

बाबांनी बूट घातले आणि घरात दोन फेऱ्या मारल्या. "एकदम मस्त हाय," म्हणाले. मी विचारलं, कुठे टोचतं का. नाही. घट्ट वाटतो का. नाही. करंगळीला लागतं का. "काईच नाई लागत, बेटा. पायात हाय का नाई तेच समजत नाई." मी खूश झाले. नवऱ्याला सांगितलं, सहकाऱ्याला सांगितलं, साहेबांनाही फोटो पाठवले. बाबा रोज सकाळी ते बूट घालून आमच्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, फिरून येत आणि आले की मोजे घालूनच बसत. थंडी वाजते म्हणायचे. वर्ध्यात तेव्हा थंडी नव्हती.

पुढच्या रविवारी कंडक्टरकाका भेटायला आले. पिशवीत संत्री होती. बाबा त्यांना फाटकापर्यंत घ्यायला गेले आणि दोघं सोबत चालत आत आले. तेवढ्या चालण्यातच काकांना दिसलं. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "काबे, काऊन असा चालून राह्यला तू?"

बाबा म्हणाले, कसा चालतो, नीट तर चालतो.

काकांनी मला हाक मारली. "पोरी, तू याले इचारू नको. हा सांगनार नाई. एकदा कारंजाजवळ रेडिएटरची वाफ याच्या हातावर आली. हा तसाच नागपूरले गाडी घेऊन गेलता. मी इचारलं तर म्हणे काई नाई झालं. तू मोजा काढ याचा."

बाबा नको नको म्हणत असताना मी मोजा काढला. घोट्याच्या हाडावर मोठा फोड आला होता, फुटून त्याची कातडी सरकली होती. माझी कडक पट्टी बरोबर तिथं घासत होती. मधुमेह असता तर हे किती पुढे गेलं असतं, असं मनात आलं. मी बाबांकडे बघितलं. ते मोज्याची घडी घालत होते.

"तू एवढ्या मेहनतीनं केलता," ते म्हणाले. "त्याले कसं नाव ठेवू?"

मी चहा ठेवायला आत गेले आणि चहा उकळून अर्धा होईपर्यंत ओट्याशी उभी राहिले. आईही बाबांसारखीच होती, मला आठवलं. मी पहिल्यांदा केलेल्या करपलेल्या पोळ्या दोघांनी नाव न ठेवता खाल्ल्या होत्या.

फोडावर मलम लावून झालं तेव्हा काकांनीच तोड काढली. म्हणाले, तुला तो खरं सांगणार नाही, कारण तू पोरगी आहेस. मला सांगेल. तू नवा बूट दे, हा रोज फिरून आला की मला फोन करेल, आणि काय ते मी तुला सांगेन. बाबांनी मान डोलावली. गाडीत वर्षानुवर्षं मागून घंटी वाजायची आणि पुढून गाडी हलायची, तशी ही व्यवस्था त्या दोघांना अगदी सरळ वाटली. मला हसू येत होतं, पण मी कबूल केलं.

फोड भरेपर्यंत बाबांचं फिरणं बंद होतं. त्या काळात मी त्यांना व्यायामासाठी सेवाग्रामला न्यायची. एकदा फिजिओथेरपीच्या बाई बाबांच्या पायाला क्रेप बँडेज बांधत होत्या. मी नीट बघत होते. त्यांनी घोट्याभोवती भिंत अशी बांधलीच नाही. पट्टी तळव्याखालून बाहेरच्या बाजूनं वर आणली, पायाच्या पुढून तिरकी नेली, मागून फिरवून पुन्हा खाली. आठचा आकडा. हाड मोकळंच राहिलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की पाय वर-खाली व्हायलाच हवा, तो अडवला तर चालणारच नाही. फक्त आत लवंडतो तेवढंच धरायचं. त्यांनी मला पट्टी सोडून पुन्हा बांधू दिली. दुसऱ्यांदा माझी बरी जमली.

घरी येऊन मी कॉम्प्युटरवरच्या आखणीतली ती भिंत पुसून टाकली. वितळणाऱ्या धाग्याचा फक्त एक अरुंद पट्टा ठेवला आणि तो बँडेजच्या वाटेनं नेला. तळव्याखालून, बाहेरच्या बाजूनं वर, पुढून तिरका. हाडावर गोल जागा सोडून तिथं फुगीर, मऊ वीण घेतली. करंगळीजवळ ताणाचा धागा जास्त, म्हणजे संध्याकाळी सूज चढली की वीण सरकून जागा देईल. आणि हे सगळं फक्त डाव्या बुटात. उजवा साधा. सहकाऱ्यानं फोन करून विचारलं, दीदी, फाइल में गलती है क्या, दोनों पैर अलग हैं. मी म्हटलं, आदमी के दोनों पैर अलग ही हैं. तो म्हणाला, मेरी अम्मा का भी.

दुसऱ्या बुटाच्या वेळी काकांचे फोन येऊ लागले. सकाळी भाजी चिरत असताना फोन वाजायचा. पलीकडे काका आणि इकडे दारात, माझ्यापासून हातभर अंतरावर, बाबा पेपर वाचत असल्याचं दाखवत. काका सांगत, घोट्याले काई तरास नाई म्हणते. टाच थोडी वर-खाली होते म्हणते. पुढून दाबते का म्हणून इचारलं तर नाई म्हणते, पण नाई म्हणायच्या आधी थांबला, म्हणजे दाबत असन. मी आभार मानून फोन ठेवायची आणि बाबा पेपरचं पान उलटायचे. टाचेची वीण मी घट्ट केली, पुढची सैल केली. काकांनी एकही निरोप वाढवून किंवा गाळून सांगितला नाही.

पण एक अडचण काकांनाही कळली नव्हती, कारण ती चालतानाची नव्हती. मोज्यासारखा बूट पायात सरकवायला जोर लागतो. घोट्याला धरून ठेवेल इतका घट्ट केला की तो वर चढत नाही, आणि सहज चढेल इतका सैल केला की धरत नाही. जवान पोरं वाकून, खेचून घालतात. बाबांना नीट वाकता येत नव्हतं. तिसरा बूट आला त्या सकाळी मी आंघोळीहून बाहेर आले तेव्हा ते खुर्चीत बसून बुटाशी झटत होते. चेहरा लाल झाला होता. अर्धा चवडा आत, टाच बाहेर. मी पुढे झाले तसे त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि बूट काढून जमिनीवर ठेवला.

"हा नाई जमत, बाई," ते म्हणाले. "मले घालताच येत नाई. तू नसली तर मी काय करू?"

काकांना फोन न करता, सरळ मला. मी खुशीत एवढ्या मोठ्यानं "काय?" म्हणाले की त्यांना वाटलं मी चिडले, आणि ते लगेच म्हणाले की तसा बूट चांगला आहे, फक्त घालायचं तेवढं बघ. मी म्हटलं, अजून सांगा. मग त्यांनी सांगितलंच. गळा अरुंद आहे. मागे धरायला काही नाही. आतलं कापड ओल्या पायाला चिकटतं. आणि रंग. हा निळा रंग काय आहे, कॉलेजच्या पोरासारखा? तपकिरी नाही का मिळत?

त्यावर मी बरेच दिवस घालवले. नेहमीच्या कामाच्या फायली बाजूला ठेवून मी तेवढ्यासाठी फॅक्टरीत गेले आणि सहकाऱ्याच्या शेजारी उभं राहून एकेक तुकडा मशीनवरून उतरवला. शेवटी असं ठरलं की गळा पुढून पायाच्या उंचवट्यापर्यंत उघडा ठेवायचा, आणि त्या फटीत छत्रीच्या कापडासारखी मिटणारी, पातळ विणीची घडी घ्यायची, तीही अप्परसोबतच, एकसलग विणलेली. बूट भाकरीच्या डब्यासारखा तोंड उघडून बसतो, पाय आत जातो, मग आठच्या आकड्यातल्या पट्ट्याचं, आता मोकळं ठेवलेलं टोक पुढून ओढून बाहेरच्या बाजूला चिकटवायचं. किती आवळायचं ते घालणाऱ्याच्या हातात. चिकटपट्टी उष्णतेनं बाहेरून बसवली, म्हणजे आत पायाला टाका लागणार नाही. टाचेमागे बोट घालायला एक पट्टी. आत सुती मिश्रणाचा धागा. आणि तपकिरी रंग.

हा बूट घालून बाबा पहिल्या दिवशी लेआउटमध्ये फिरून आले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, पट्टा वर आवळला की बरं वाटतं, खाली आवळला की नाही. आठवड्यानं त्यांनी मोजा काढून स्वतःहून पाय दाखवला. कातडीवर पट्ट्याची फिकट खूण होती आणि थोड्या वेळात तीही गेली. पुढे एकदा लेआउटच्या खडीवर त्यांचा पाय वाकडा पडला. ते मला तिथल्या तिथं करून दाखवत होते. असा गेला, आणि इथं अडला, आणि मी उभाच. फिजिओथेरपीच्या बाईंनी बूट घालून त्यांना चालवलं, काढून चालवलं, आणि व्यायाम सोडू नका अशी तंबी दिली. बुटानं पाय बरा होत नाही, एवढंच की पडायला होत नाही, हे त्या दोनदा म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं.

साहेबांनी मीटिंगमध्ये बूट बघितला. काम चांगलं आहे म्हणाले, पण दोन पाय वेगळे असलेली जोडी दुकानात ठेवायची कशी, असं विचारलं. फाइल मात्र त्यांनी ठेवून घेतली. फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांच्याकडे येणाऱ्या एका बाईसाठी विचारलं आहे. ती शेतात निंदायला जाते आणि तिचा उजवा घोटा असाच सैल आहे. तिच्यासाठी वेगळा विचार करावा लागेल, कारण काळ्या मातीत चिखल झाला की विणलेला बूट जड होतो. मी तिचं माप घेऊन आले आहे. त्यातून काय निघेल ते अजून माहीत नाही.

एका संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "आता मी जातो वं तळेगावले." मी काहीतरी कारणं काढली. ऊन आहे, घर बंद होतं म्हणून धूळ असेल, इथं दवाखाना जवळ आहे. बाबा प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते आणि पिशवी भरत होते. मला तेव्हा कळलं की इतके दिवस मी ज्याच्यामागे होते त्याचा शेवट हाच होता. त्यांना स्वतःच्या हातानं बूट घालता यावा आणि कोणी सोबत नसताना पडू नये, म्हणून तर सगळं केलं होतं. तरी बसस्टँडवर त्यांना गाडीत बसवल्यावर मी खिडकीखालून हलले नाही. खिडकीच्या सीटवर बसून त्यांनी मला जायची खूण केली आणि मग ड्रायव्हर गिअर कसा टाकतो ते मान उंच करून बघत राहिले.

महिन्याभरानं मी तळेगावला गेले. बाजाराचा दिवस होता. घराला कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, दोघं म्हातारे बाजारात गेले. मी त्यांना गाठलं ते मिरचीवाल्यापाशी. बाबांच्या पायात तपकिरी बूट होते, चांगलेच मळलेले, आणि काका घासाघीस करत होते. मला बघून काका म्हणाले, माझ्यासाठी काहीतरी विण ना, मलाच काऊन नाई? मी विचारलं, कुठे दुखतं. ते म्हणाले, कुठंच नाई, पण पायजे.

बाबांनी पिशवी माझ्या हातात दिली. संत्री घ्यायची राहिली, ती पलीकडच्या रांगेत चांगली आहेत, असं म्हणून ते गर्दीतून पुढे निघाले. मी आणि काका त्यांच्या मागून चालू लागलो.